नीट परीक्षेत पोरीचा स्वभाव कोणी पाहत नाही, मग अमेरिकेसारखा इंटरव्ह्यू आपल्याकडे काहून नाही?

मानेवाड्याची_आई
नमस्कार. मुलगी बारावीला आहे, नागपुरात मानेवाड्याहून रोज सक्करदऱ्याला नीटच्या क्लासला जाते, मॉकमध्ये ७२० पैकी ५१० ते ५३० च्या मधेच अडकून राहिली आहे. आता माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, हसू नका. घरी सासूबाईंना शुगर आहे, त्यांचं इन्सुलिन दोन वर्षांपासून हीच देते, वहीत तारीख टाकून उपाशीपोटीची अन् जेवणानंतरची शुगर लिहिते, एकदा रात्री अडीच वाजता सासूबाईंची शुगर उतरली, अंग घामानं ओलंचिंब, आम्ही सगळे नुसते इकडून तिकडे पळून राहिलो होतो न या पोरीनं आधी शुगर तपासली, साखरेचं पाणी पाजलं अन् पंधरा मिनिटांनी परत तपासली. आमच्या वरच्या मजल्यावरचा मुलगा ६४० घेतो, गुणी आहे, पण पाहुणे आले की खोलीचं दार लावून घेतो. नीटची परीक्षा दोघांचं मोजणार काय, तर १८० प्रश्न. माझे दीर अमेरिकेत असतात, ते म्हणाले तिकडे मेडिकल कॉलेज इंटरव्ह्यू घेतं, दवाखान्यात काम केलं का विचारतं, निबंध लिहायला लावतं. मग आपल्याकडे असं काहून नाही? न असतं तर हिचा नंबर लागला असता का?

झोपेतला_जेआर
काकू, पोरीनं केलं ते एकदम बरोबर केलं, आधी हे सांगतो.
बाकी पुढचं ऐका. हे एका आकड्याचं प्रकरण एमबीबीएसवर संपत नाही. पीजीच्या (एमडी-एमएसच्या) नीटला पण तेच, २०० प्रश्न, ८०० मार्क, साडेतीन तास. साडेपाच वर्षांत मी वॉर्डात काय केलं, पेशंटशी कसा बोललो, कोणत्या सरांनी माझ्याबद्दल काय म्हटलं, शून्य वजन. रँक आली की लिस्टमध्ये वरून नावं, रेडिओलॉजी मेडिसिन स्किन भराभर संपतं अन् मग खालच्यांना उरलेल्यातून. मला सायकियाट्री हवी होती, मनापासून, तर होस्टेलवर रूममेट म्हणे अबे एवढी रँक वाया घालवून राहिला का. म्हणजे आवड पण रँकच्या हिशोबानं असावी लागते.
न परीक्षेचं काय सांगू. २०२४ ला २३ जूनचा पेपर होता, माझं सेंटर रायपूर, लॉजवर पांघरूण घेऊन पडलो होतो न रात्री मोबाइलवर आलं की पेपर पुढे ढकलला. सकाळी तसाच रिकामा परत. मग ११ ऑगस्टला दोन शिफ्टमध्ये झाला, वर नॉर्मलायझेशन, म्हणजे दोन पेपरांचे मार्क एका मापात आणणं. २०२५ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं तेव्हा कुठे एका शिफ्टमध्ये घेतला. आणि २०२३ मध्ये तर सीटा रिकाम्या राहतात म्हणून पीजीचा कटऑफ चक्क शून्य पर्सेंटाइलवर आणला होता, म्हणजे परीक्षेला बसला तो पात्र. मग गाळणी कशाची, मला अजून समजलं नाही.

संत्री_ते_शिकागो
मी मूळची धरमपेठची, इथे शिकागोत इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी (आपल्या एमडीसारखं ट्रेनिंग) करून राहिली आहे, म्हणून दोन्हीकडचं सांगू शकते. ताई, तुमचे दीर खरं सांगतात, फक्त अर्धंच सांगतात.
इथे बारावीनंतर मेडिकल नसतंच. आधी चार वर्षांची डिग्री, मग एमकॅट नावाची परीक्षा, तिचे मार्क ४७२ ते ५२८ मधे असतात, सोबत कॉलेजचे मार्क, निबंध, प्राध्यापकांची शिफारसपत्रं, दवाखान्यात डॉक्टरच्या मागे उभं राहून घालवलेले तास, रिसर्च, समाजसेवा, अन् मग इंटरव्ह्यू. काही ठिकाणी मिनी इंटरव्ह्यू असतो, कॅनडातल्या मॅकमास्टर युनिव्हर्सिटीनं सुरू केलेला प्रकार, एकामागून एक खोल्या, प्रत्येक दारावर एक प्रसंग लिहिलेला, वाचायला दोनेक मिनिटं अन् आत वेगळा परीक्षक. त्यात एकाला तुम्ही आवडला नाही तरी बाकीचे असतात, म्हणून मला ते त्यातल्या त्यात बरं वाटतं.
पण तास कोणाचे भरतात? ज्याचा बाप डॉक्टर त्याचे. ज्या पोराला सुटीत दुकानात काम करून फी भरायची तो डॉक्टरच्या मागे फुकट कधी उभा राहणार. तुमच्या पोरीनं आजीला इन्सुलिन दिलं ते निबंधात छान दिसलं असतं, पण तो निबंध इंग्रजीत, अन् शेजारच्या पोराचा निबंध पैसे घेऊन कोणी तरी तासून दिलेला.
रेसिडेन्सीचं तर आणखी वेगळं. तुम्ही अर्ज करता, बोलावलं तर इंटरव्ह्यू, मग तुम्ही हॉस्पिटलांची लिस्ट लावता अन् हॉस्पिटल तुमच्यासारख्यांची लिस्ट लावतं, दोन्ही लिस्टा कॉम्प्युटरमध्ये टाकून जोड्या लावतात. मॅच म्हणतात त्याला, १९५२ पासून आहे. १९९८ मध्ये त्याचं गणित उमेदवाराच्या बाजूनं बदललं, ज्यांनी ते केलं त्यातल्या ॲल्विन रॉथना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, सोबत लॉइड शॅप्ली. मार्चमध्ये सोमवारी फक्त एवढंच कळतं की लागलं की नाही, कुठे लागलं ते शुक्रवारी. ते चार दिवस मी फक्त मॅगी खाल्ली. अन् बाहेरच्या देशातून शिकून आलेल्यांमध्ये दर १०० मागे ४० च्या आसपास लोकांना त्या सोमवारी नाहीच येतं. आमच्यासाठी अवघड यासाठी की स्टेप वन, म्हणजे इथल्या डॉक्टरी लायसन्सची पहिली परीक्षा, जानेवारी २०२२ पासून नुसती पास-नापास झाली, आधी तिथे मार्क दाखवून आपण उठून दिसायचो, आता ओळख, पत्र, इथल्या दवाखान्यातला अनुभव यावर भार गेला. माझ्या एका मैत्रिणीचे मार्क माझ्यापेक्षा बरे होते, तिला इथे येऊन दोन महिने राहायचे पैसे जमले नाहीत. झालं.

रिटायर्ड_ओपीडी
मी ऐंशीच्या दशकातला. आमच्या वेळी बारावीच्या पीसीबीच्या (फिजिक्स-केमिस्ट्री-बायोच्या) बेरजेवर ॲडमिशन व्हायची, अन् प्रॅक्टिकलचे मार्क कोणाला कसे मिळाले हे गावात सगळ्यांना माहीत असायचं.
स्वभाव पाहायचा प्रयोग आपल्याच शेजारी झाला आहे बरं. सेवाग्रामचं कॉलेज स्वतःची परीक्षा घ्यायचं अन् फिजिक्स-केमिस्ट्री-बायोसोबत गांधीविचारांचा एक पेपर असायचा. हेतू चांगला होता, खेड्यात जाईल असा पोरगा हवा. मी पण बसलो होतो. केलं काय, तर सीताबर्डीवरून एक पुस्तक आणलं न सत्य, अहिंसा, अपरिग्रह, ग्रामस्वराज्य असं ओळीनं पाठ केलं, जसं क्रेब सायकल पाठ करतो तसं. बिड्या ओढत केलं. माझा तिथे नंबर लागला नाही, पण लागला असता तर माझ्या अपरिग्रहामुळे नसता लागला. नीट आल्यावर तो पेपर गेला.
इंटरव्ह्यूचं म्हणाल तर ज्या राज्यात १९८७ साली कॅपिटेशन फी, म्हणजे सीटसाठी घेतलेल्या डोनेशनविरुद्ध कायदा करावा लागला तिथे बंद खोलीत पाच माणसं बसवून पोराचा कल पाहणार? पहिला प्रश्न असेल, आडनाव काय. मला नीट आवडत नाही, तरी माझ्या नातीसाठी मी नीटच निवडीन.

हिंगणारोड_बाबा
डॉक्टरसाहेब, बिडीवाला मुद्दा भारी 😄
ताई, चर्चा चालू द्या पण कामाचं सांगतो, मागच्या वर्षी मुलासोबत पूर्ण भोगलं आहे. एक तर मार्कांकडे पाहणं सोडा, रँक पाहा. २०२४ मध्ये ७२० पैकी ७२० वालेच शेवटी १७ राहिले अन् २०२५ मध्ये पेपर असा आला की देशात पहिला आलेलाच ६८६ वर. म्हणजे ५३० चा अर्थ दरवर्षी वेगळा. पोरीला ५३० वरून रडू देऊ नका.
दुसरं, सरकारी कॉलेजातल्या १५ टक्के सीटा ऑल इंडियाच्या, त्या दिल्लीच्या एमसीसीकडून (केंद्राची कौन्सेलिंग कमिटी), न ८५ टक्के आपल्या राज्याच्या सीईटी सेलकडून. आधी विदर्भाच्या पोरांना विदर्भात ७०:३० चा आधार होता, म्हणजे ७० टक्के सीटा इथल्याच पोरांना, तो २०२० मध्ये काढला, आता आपली पोरं न लातूरची पोरं एकाच लिस्टमध्ये. त्यावर बोलायला बसलो तर रात्र जाईल.
तिसरं अन् सगळ्यात महत्त्वाचं, चॉइस फिलिंग, म्हणजे कॉलेजांची पसंतीची लिस्ट भरणं. लोक डोकं लावतात की मेडिकल (नागपूरचं सरकारी कॉलेज) लागणार नाही मग वर कशाला टाकायचं, गोंदिया वर टाकतो. काही गरज नाही बाप्पा! शिकागोवाल्या ताईंनी मॅचचं सांगितलं न, इथे पण तसंच, कॉम्प्युटर तुमची लिस्ट वरून वाचतो अन् तुमच्या रँकला पहिलं जे रिकामं सापडेल ते देतो. वरचं नाही मिळालं म्हणून खालचं हातचं जात नाही. आमच्या ओळखीच्या एकानं हुशारी करून चंद्रपूर आधी टाकलं न नागपूर नंतर, त्याच्या मागच्या रँकच्या पोराला नागपूर मिळालं, बाप आठ दिवस जेवला नाही. फक्त जिथे जायचंच नाही किंवा फी झेपायचीच नाही ते टाकू नका, खास करून डीमडवाले (अभिमत विद्यापीठांची खासगी कॉलेजं), तिथे दोन लाख डिपॉझिट असतं अन् दुसऱ्या राउंडला मिळालेली सीट सोडली की गेलं.
डोमिसाइल अन् नॅशनॅलिटी सर्टिफिकेट काढून ठेवलं का? जूनमध्ये सेतू केंद्रात पाय ठेवायला जागा नसते.

झोपेतला_जेआर
हे चॉइस फिलिंगचं +१. पीजीला पण हेच.

मानेवाड्याची_आई
सगळ्यांचे आभार. नॅशनॅलिटी काढलं नाही, बरं झालं विचारलं, उद्याच सिव्हिल लाइन्सला जाते.
जेवताना पोरीला हे सगळं वाचून दाखवलं. मला वाटलं तिला बरं वाटेल की आई तिच्या बाजूनं भांडून राहिली आहे. तर म्हणे, आई इंटरव्ह्यू नको हं, अनोळखी माणसांसमोर माझ्या तोंडातून शब्द निघत नाही, मला मार्कच बरे. अन् म्हणे आजीच्या वहीचा फोटो कोणाला पाठवू नको. मग ताट उचलून बायो घेऊन बसली. फिजिक्स अजून बंदच आहे.