मुलगा आमचा, मग शाळा ठरवणार कोण?

गुऱ्हाळकरी, कराड तालुका

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, पण अर्धवट सांगून उपयोग नाही.

कराडपासून बारा-तेरा किलोमीटरवर आमचं गुऱ्हाळ आहे, वडिलांच्या काळापासूनचं. मुलगा दहा वर्षांचा, पाचवीत, शहरातल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो शाळेत गेलेला नाही. मीच पाठवलेला नाही.

जूनपासून दर सोमवारी सकाळी त्याच्या पोटात दुखायचं. आधी जंत असतील म्हणून औषध दिलं. मग सोमवारचं दुखणं मंगळवारीही यायला लागलं. व्हॅनचा हॉर्न ऐकला की उलटी. खरं कारण आम्हाला ऑक्टोबरात कळलं, तेही शेजारच्या पोरीकडून. आठवड्याच्या चाचणीचे गुण वर्गात मोठ्यानं वाचतात आणि कमी पडलेल्यांना फळ्यापाशी उभं करतात. याला शेकडेवारीच्या चाचणीत वीसपैकी तीन. मधल्या सुट्टीत मराठीत बोलला म्हणून डायरीत लाल शेरे, असे सात शेरे मी मोजले. भेटायला गेलो तर उत्तर मिळालं, "घरी अभ्यास घेत जा."

नोव्हेंबरात आमचं गुऱ्हाळ पेटलं आणि पोरगं तिथं रमलं. आमचे गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारे कारागीर, तात्या पासष्टीचे आहेत. पाक फुगून तांबूस झाला की ते थोडा थंड पाण्यात सोडतात, बोटांनी गोळी वळतात, परातीच्या काठावर आपटून आवाज ऐकतात आणि मग "उतरवा" म्हणतात. पोरानं माझ्या मागं लागून तापमापक आणवला. तात्या "उतरवा" म्हणाले की हा आकडा वहीत लिहितो. ११७, ११८, ११८, ११६. एकदा बोलण्याच्या नादात काहिली, म्हणजे रस उकळायची मोठी कढई, ११२ लाच उतरली, तर दुसऱ्या दिवशी ढेप चिकट, बोट लावलं की रुतायचं. त्यानं त्या आकड्याभोवती गोल काढून ठेवलाय. रोजचा उतारा, म्हणजे उसातून किती टक्के गूळ निघाला, तोही तोच काढतो. एका खेपेला १०.४ टक्के, दुसऱ्या खेपेला ११.२. विचारतो, "बाबा, ऊस तोडून दोन दिवस पडला म्हणून उतारा कमी आला का?" याच पोराला शेकडेवारीत तीन गुण होते.

डिसेंबरात शाळेचं पत्र आलं, मग केंद्रप्रमुख घरी आले. माणूस सभ्य. म्हणाले, महिनाभर सलग गैरहजर असलेलं मूल शाळाबाह्य धरलं जातं. पाचवीला आता वार्षिक परीक्षाही आहे. शाळा बदला, पण घरी ठेवता येणार नाही.

मी बीएस्सी आहे. बायको डी.एड., भरतीची वाट बघत वय गेलं. आम्ही दोघं एका पोराला शिकवू शकत नाही का? मूल माझं आहे. २००९ चा कायदा मुलांना शिक्षणाचा हक्क देतो म्हणतात. हक्क असेल तर तो बजावायचा कसा हे आम्ही ठरवू. सरकारनं माझ्या उंबऱ्याच्या आत यायचं कारण काय? साताऱ्या-सांगलीत कुणी घरी शिकवलंय का? परीक्षेचं काय केलंत?

विश्रामबागची आई, सांगली

दादा, मी शिकवलंय. मुलगी सातवीत असताना शाळेतून काढली, आता ती बारावीला आहे.

आधी परीक्षेचं सांगते. केंद्र सरकारची राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे, सगळे तिला एनआयओएस म्हणतात. दहावीसाठी वय चौदा पूर्ण लागतं आणि किमान पाच विषय घ्यावे लागतात. परीक्षा वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात आणि दिवाळीच्या सुमारास. एकेक विषय सोडवत गेलं तरी चालतं. आपल्या राज्य मंडळाकडून बसायचं तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. म्हणजे दहावीचा रस्ता बंद नाही. तुमची अडचण त्याच्या आधीच्या चार वर्षांची आहे. कायद्यात घरी शिकवण्याचा उल्लेखच नाही. पाल्याला जवळच्या शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे, एवढं त्यात आहे. न घातल्यास पालकाला काय शिक्षा, तेही लिहिलेलं नाही. या फटीत आम्ही राहिलो. सर्वेक्षणाला कुणी आलं की दर वेळी पोटात गोळा यायचा.

आता जे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं ते सांगते. पहिले सहा महिने फार छान गेले. गणपतीत मुलीनं घरातच आरास केली, कृष्णाकाठच्या पुराच्या खुणा मोजत आयर्विन पुलापर्यंत फिरली. मग एक दिवस संध्याकाळी गॅलरीत उभी राहून खालून जाणाऱ्या मुलांची दप्तरं बघत होती. मी विचारलं, काय बघतेस? म्हणाली, "त्यांच्यात आज भांडण झालंय वाटतं." तिला भांडायलाही कुणी उरलं नव्हतं. त्यानंतर मी तिला संगीताच्या क्लासला घातलं, पोहायला घातलं, नोकरी अर्धवेळ केली आणि शेवटी सोडली. आमचं निभावलं, कारण यांचा पगार आहे. तुमच्याकडे हंगामात चार महिने गुऱ्हाळ चोवीस तास चालतं. तेव्हा त्याला शिकवणार कोण, याचं तासावार उत्तर वहीत लिहून बघा.

माणदेशी बाई, निवृत्त शिक्षिका

मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत होते, त्यातली एकोणीस माण तालुक्यात. तुमचं "मूल माझं आहे" हे वाक्य वाचून थांबले, कारण ते मी आधी ऐकलंय.

आमच्याकडचे मेंढपाळ दिवाळीनंतर वाडा, म्हणजे मेंढरं आणि बिऱ्हाड, घेऊन खाली चाऱ्याला जातात, ते पावसाळ्याच्या तोंडावर परततात. तिसरीतली एक मुलगी होती, पाढे पंधरापर्यंत तोंडपाठ. दिवाळी झाली, वाडा हलायच्या आदल्या रात्री मी त्यांच्या पालावर गेले. बाप म्हणाला, "बाई, पोर माझी, मेंढरं माझी. तुमचं काय त्यात?" दुष्ट नव्हता तो. कोकरं सांभाळायला माणूस नव्हतं, तो तरी काय करणार. मी त्याला ज्ञानाचं महत्त्व सांगत बसले नाही. एवढंच म्हणाले, "आता कायदा आहे. पोर शाळेत नसली तर मला वर लिहून द्यावं लागतं." तो बराच वेळ शेकोटीत काटक्या सरकवत राहिला. मग आत्याकडे ठेवतो म्हणाला. ती मुलगी आज आशा सेविका आहे.

कायद्याचं ते एक वाक्य माझ्या हातात नसतं तर मी त्या पालावरून रिकामी परतले असते. महात्मा फुल्यांचं मूळ गाव कटगुण आपल्याच जिल्ह्यातलं. त्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढं प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा, अशी मागणी केली. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात ते करून दाखवलं, पोराला न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड लावला. ही माणसं सत्तेची खुशामत करणारी नव्हती. घराच्या आत मुलाचं, त्यातून मुलीचं, कुणी ऐकत नाही हे त्यांनी पाहिलं होतं. दादा, तुम्ही दोघं शिकलेले आहात, पोरावर जीव आहे. पण तुमच्यासाठी दार उघडलं की त्याच दारातून तो मेंढरंवालाही जाईल आणि चौदाव्या वर्षी पोरीचं लग्न ठरवणाराही.

आता दुसरी बाजू, कारण मी सरकारची वकील नाही. मूल शिकलंच पाहिजे असं सरकारनं म्हणावं. कोणत्या भाषेत, कोणत्या वयात, कशा रीतीनं, यात मात्र मंत्रालयाचा हात जितका कमी तितकं बरं. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय आला, जूनमध्ये सुधारून आला, २९ जूनला दोन्ही मागे घेतले. सहा वर्षांच्या पोरांच्या डोक्यावरून अडीच महिने ही दोरीखेच चालली, आणि वर्गातल्या बाईला कुणी विचारलं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी, आमच्या अण्णांनी, १९१९ ला काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली. स्वातंत्र्यानंतर सरकारनं संस्थेचं अनुदान बंद केलं, तेव्हाही ते नमले नाहीत, संस्था लोकांच्या मदतीवर चालली. मी त्याच संस्थेच्या शाळेत शिकले. सरकारचा पैसा घ्यावा आणि पाठीचा कणाही ठेवावा, हे मला तिथं दिसलं. आज आमच्या गुरुजींचा अर्धा दिवस ऑनलाइन माहिती भरण्यात जातो. त्यावर भांडा, मी तुमच्याबरोबर येते.

तुमच्या शाळेनं जे केलं ते कायद्याविरुद्ध आहे. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हीला २००९ च्या कायद्याच्या कलम १७ मध्ये मनाई आहे. कमी गुणांसाठी पोराला सगळ्यांपुढं उभं करणं यात बसतं. तुमचा राग शाळेवरचा आहे, तो तुम्ही शिक्षणाच्या सक्तीवर काढताय.

आणि एक विचारते, रागावू नका. उकळत्या काहिलीपासून तो किती फुटांवर उभा असतो?

फडावरचा, सध्या इस्लामपूर

मी बीडकडचा. आईवडिलांचा कोयता, म्हणजे ऊसतोडीची जोडी, सांगली जिल्ह्यातल्या कारखान्यांना यायचा. दसरा-दिवाळीला गाव सोडायचो आणि पाडव्याला परत. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली, म्हणून थांबायची सोय नाही. एक वर्ष साखरशाळा, म्हणजे तोडकऱ्यांच्या पोरांसाठीची शाळा, मिळाली, दोन वर्षं काहीच नाही. कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, धाकट्या बहिणीला सांभाळायचं, वाढं बांधायचं. दहाव्या वर्षी मलाही मोळीचं वजन डोळ्यानं सांगता यायचं, कुणी कौतुक केलं नाही आणि वहीही दिली नाही.

चौथीच्या वर्षी गावातल्या गुरुजींनी मला आणि अजून सहा जणांना हंगामी वसतिगृहात ठेवून घेतलं. आई रडली, वडील चिडले, हाताखालचं माणूस गेलं म्हणून. मी तेव्हा गुरुजींवरच चिडलो होतो. आज इथं एका पतसंस्थेत नोकरीला आहे. गुऱ्हाळात पोरगं शिकतंय हे खरं असेल. पण तुमच्या गुऱ्हाळात चिपाडं वाळवायला जे कुटुंब आलंय, त्यांचं पोरगं कुठल्या शाळेत आहे, तेवढं सांगा.

गुऱ्हाळकरी, कराड तालुका

चार दिवस उत्तर दिलं नाही, कारण शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. आमच्याकडं तीन कुटुंबं आहेत, पाच मुलं. दोन मुलं माझ्या मुलाच्याच वयाची. मी त्यांना रोज बघतो आणि मला कधी विचारावंसं वाटलं नाही. परवा विचारलं. एकाकडं गावच्या गुरुजींनी दिलेलं शिक्षण हमी पत्रक होतं, घडी घालून पत्र्याच्या डब्यात ठेवलेलं. ते दाखवून इथल्या शाळेत बसता येतं, हे आईला माहीत नव्हतं.

बाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: पाच फुटांवर. तापमापक तात्याच घालतात, आकडा तो बघतो. पण पाच फूट पुरे नाहीत, हे तुम्ही विचारल्यावर कळलं. आता मध्ये बांबूचा कठडा घातलाय आणि त्याला फक्त रविवारी येऊ देतो.

ताई, तासावार लिहून बघितलं. नोव्हेंबर ते मार्च दिवसाला चाळीस मिनिटंसुद्धा निघत नाहीत. बायको म्हणाली, हे तुला मी आधीच सांगत होते.

सोमवारी आम्ही तिघं गावातल्या जिल्हा परिषद शाळेत गेलो. पाचवीत अकरा मुलं. गुरुजी मोबाईलवर पोषण आहाराची माहिती भरत होते, आम्हाला बघून त्यांनी तो उलटा ठेवला. पोरानं एकच विचारलं, "इथं मराठीत बोललं तर चालतं?" गुरुजी म्हणाले, "इथं सगळे मराठीतच भांडतात."

तरी माझं म्हणणं मी पूर्ण सोडलेलं नाही. माझ्या पोराला उलट्या होईपर्यंत व्यवस्थेला काही कळलं नाही, आणि तो घरी सुखात राहिल्यावर ती दारात आली. ही गोष्ट मला सलते आणि सलत राहील.

आता नवीन अडचण. आधीची शाळा दाखला देत नाही. पूर्ण वर्षाची फी भरा, मग बघू म्हणतात. छत्तीस हजार राहिलेत. हंगाम संपेपर्यंत माझ्याकडं तेवढे येणार नाहीत. तोवर पोराला परत घरी बसवू का?

माणदेशी बाई, निवृत्त शिक्षिका

अजिबात नाही. त्याच कायद्याचं कलम ५ बघा. मुलाला दुसऱ्या शाळेत जायचं असेल तर मुख्याध्यापकानं दाखला लगेच द्यायचा असतो, टाळाटाळ केली तर त्याच्यावर कारवाई होऊ शकते. दाखला यायला उशीर झाला म्हणून नवीन शाळेला प्रवेश नाकारता किंवा लांबवता येत नाही. फीचं भांडण तुमचं आणि शाळेचं, त्यात पोराचा दाखला ओलीस ठेवता येत नाही.

दाखल्यासाठी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना. गुरुजींना म्हणावं, वयानुसार पाचवीत बसवून घ्या, दाखला मागून येईल. उद्या प्रार्थनेच्या आधी पोहोचा. ती तापमानाची वही बरोबर न्या, आणि पत्रकवालं पोरगंही.