चांदीची पानं हाताने घडवणारा कारागीर हवा आहे (मुंबई)

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

आईची साठी जवळ आलीय. तिच्यासाठी गळ्यातलं करायचंय, पण दुकानातलं तयार नको. कोल्हापुरी साजाच्या 21 पानांत (ओवलेल्या छोट्या पदकांत) मासा, कासव, शंख, चंद्र असे अर्थाचे आकार असतात ना, त्याच धर्तीवर आमच्या घराची पानं हवीत. आजोबा राजापूरकडून बोटीने भाऊच्या धक्क्याला आले, परळच्या गिरणीत साच्यावर (कापड विणायच्या मागावर) लागले, 1982च्या संपात ते काम गेलं. म्हणून बोट, फणसाचं पान, धोटा (मागावर आडवा धागा नेणारा), गिरणीची चिमणी आणि चाळीची कमान. धोट्याचा आकार बिनचूक यायलाच हवा, आईने तो लहानपणी हाताळलाय.

झवेरी बाजारात चौकशी केली. बहुतेक जण संगणकावर डिझाइन करून ओतकाम सुचवतात. मला पत्र्यावर हाताने ठोकून उठाव काढलेलं हवंय. लालबाग, गिरगाव, दादर किंवा ठाण्यापर्यंत असं काम करणारं कुणी माहीत आहे का?

आणखी एक. शुद्ध चांदीवर उठाव सुरेख येतो, पण ती मऊ, पान वाकेल. 92.5 टक्क्यांत तांबं असतं, ती टिकेल, पण घामाने काळवंडेल. रोज घालायला काय घ्यावं? आत लाख भरून घ्यावी का? आणि ओवायला चांगले पटवेकरी कुठे मिळतील?

स्वतः करून घेतलेल्यांनी मजुरीचा अंदाज आणि फोटो दिले तर फार बरं होईल.