यूकेत मिक्सरचा फ्यूज उडाला, ३ चा घालू की १३ चा?

हॅरोची_सुगरण: नमस्कार मंडळी, गेल्या महिन्यात हॅरोला शिफ्ट झालो, पुण्याहून ७५० वॅटचा मिक्सर आणलाय, ॲडाप्टरला लावून चालवते. काल खोबरं-मिरची नुकती फिरायला लागली आणि फट्! ॲडाप्टरमधला फ्यूज गेलाय, लाल छाप, ३ अँपिअर. दुकानात ३, ५, १३ तिन्ही मिळतात, साइज सेम. कुठला घेऊ? बजेट ५ पौंड.

पक्या_लेस्टर: १३ चा घाला नि विसरा. आमच्याकडे आठ वर्षं सगळ्याला १३, काही झालं नाही.

नाना_स्लाव: पक्या, तुझं नशीब म्हणायचं. प्लगमधला फ्यूज मिक्सरसाठी नसतो रे, वायरसाठी असतो. १३ चा फ्यूज २० अँपिअर सुद्धा बराच वेळ सहन करतो, तोवर मिक्सरची बारीक वायर तापून वितळेल. ताई, ७५० भागिले २३० केलं तर सव्वातीन येतात, वर मोटर सुरू होताना झटक्यात जास्त ओढते, ३ चा कसा टिकणार. ५ चा घ्या, काळा छाप, वर बीएस १३६२ (प्लगच्या फ्यूजचा ब्रिटिश मानक क्रमांक) आहे ना ते बघा.

मिठ्ठू७७: लाल म्हणजे ३ कसा? आमच्या जिन्याखालच्या जुन्या फ्यूज-बोर्डात लाल ठिपका आहे तो ३० चा आहे!!

नाना_स्लाव: तो बीएस ३०३६, घराच्या बोर्डातला तार बदलायचा फ्यूज. पांढरा ५, निळा १५, पिवळा २०, लाल ३०. प्लगच्या फ्यूजशी संबंध नाही.

वायरमनचा_जावई: बोर्डात कार्ट्रिजवालेही (बंद नळीचे) असतात, बीएस १३६१, रंग तेच, पण तारेवाल्यापेक्षा लवकर उडतात. आता त्यांना बीएस ८८-३ म्हणतात.

नाना_स्लाव: ताईंनी बोर्डाचं विचारलंय का?

लंडनकर_देशपांडे: आम्ही अख्खा बोर्डच बदलला, प्रत्येक सर्किटला आरसीबीओ, म्हणजे करंट गळला किंवा जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच. खर्च झाला पण झोप लागते.

सुगरण: दादा, बजेट ५ पौंड. आणि घर भाड्याचं आहे.

बंड्या_हाउन्स्लो: कॉलेजात असताना मी उडालेल्या फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली होती. दोन दिवस मस्त चाललं, तिसऱ्या दिवशी प्लगची ब्राऊन वायरवाली पिन सॉकेटमध्येच चिकटली आणि वास तर विचारू नका, डिपॉझिट गेलं. कुणी करू नका.

पक्या_लेस्टर: म्हणून तर १३ घाला म्हणतोय.

मिठ्ठू७७: ऑनलाइन स्वस्त पाकीट घेऊ नका, मी दहाचं घेतलं, एक फोडून बघितला तर आत वाळूच नाही! खऱ्यात ठासून भरलेली असते, ठिणगी विझवायला.

वायरमनचा_जावई: खरं तर ॲडाप्टर काढून टाका, मिक्सरचा गोल पिनांचा प्लग कापा, इकडचा बसवा, त्यात ५ चा फ्यूज. ब्राऊन वायर फ्यूजकडे, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थला. मला वाटतं ४ पौंडात होईल.

नाना_स्लाव: हेच मी म्हणणार होतो.

लंडनकर_देशपांडे: प्लगची वायर कोण जोडणार? इलेक्ट्रिशियनच बोलवा.

सुगरण: सगळ्यांचे आभार. प्लग कापला तर वॉरंटी जाईल असं ह्यांचं म्हणणं, नि १३ ची मला धास्ती, ५ चा आणला तर दुकानदाराने चुकून ३ चेच दिले. शेवटी परवा ईलिंग रोडवर दगडी खलबत्ता घेतला, २२ पौंड. चटणी झकास होते, फक्त खालची शेजारीण छताला काठी मारते.

पक्या_लेस्टर: २२???