लग्नाआधीच्या चौकशीसाठी खासगी डिटेक्टिव्ह नेमायचा आहे, परवाना नेमका कोणता बघायचा?

नमस्कार मंडळी,

भाचीचं स्थळ जवळपास ठरलंय. मुलगा पुण्यात आयटीत, आधी काही वर्षं न्यू जर्सीत होता. घटस्फोटित आहे, त्याला आमच्यापैकी कोणाची हरकत नाही. पण तो विषय निघाला की त्याच्या घरचे "झालं ते झालं" म्हणून बोलणं भलतीकडे नेतात. ताई-दाजींना खोदून विचारायचा संकोच, म्हणून चौकशीचं काम मामाकडे आलं.

एका डिटेक्टिव्ह एजन्सीशी बोललो. "आम्ही सरकारमान्य, लायसन्सधारक" असं ठासून सांगितलं. व्हॉट्सॅपवर आलेले कागद बघतो तर एक गुमास्ता, एक जीएसटी नोंदणी आणि तिसरा सिक्युरिटी गार्ड पुरवण्याचा 'पसारा' (PSARA) परवाना. शिवाय "थोडे वाढवून द्या, मुलाचा सीडीआर (कोणाशी कधी फोन झाले त्याची नोंद) पण काढून देतो". तिथे मी जरा सावध झालो.

डिटेक्टिव्हचा खरा परवाना कसा ओळखायचा? आणि त्यांनी काही गडबड केली तर मी अडकेन का? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद (व्यवसायाने वकील)

असा परवानाच नाही, तर ओळखणार काय? खासगी गुप्तहेर संस्थांसाठीचं विधेयक २००७ मध्ये राज्यसभेत आलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. पसारा, म्हणजे २००५ चा कायदा, सुरक्षारक्षक पुरवणाऱ्यांसाठी आहे. तो दाखवून "सरकारमान्य डिटेक्टिव्ह" म्हणवून घेणं ही निव्वळ धूळफेक.

म्हणजे डिटेक्टिव्ह नेमणं बेकायदा आहे असं नाही. शेजारीपाजारी, ऑफिसात विचारपूस करणं, सार्वजनिक ठिकाणी काय दिसतं ते टिपणं, इतपत ठीक. सीडीआर मात्र पोलिसांना तपासासाठी किंवा कोर्टाच्या आदेशानेच मिळतो. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी सीडीआर विक्रीचं प्रकरण उघड केलं तेव्हा खासगी गुप्तहेरांनाही अटक झाली होती. पैसे देऊन असं काम सांगणारा अपप्रेरणेत, म्हणजे गुन्हा करायला लावण्यात, येऊ शकतो, म्हणजे तुम्हीही. बँक स्टेटमेंट, मोबाइलमध्ये ॲप टाकणं, ईमेल उघडणं, सगळ्याला हेच लागू.

आणखी एक, जे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. एजन्सीचा माणूस मुलाच्या पहिल्या बायकोच्या मागे लागू शकतो. तिने नको म्हटल्यावरही पुरुषाने पाठलाग किंवा संपर्क चालू ठेवला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ आहे. तिला यात ओढू नका, हे करारात लिहूनच घ्या.

प्रतिसाद (न्यू जर्सीहून)

इकडे खासगी डिटेक्टिव्हला राज्य पोलिसांचा परवाना लागतो, म्हणून तिथल्या चौकशीसाठी कोणी नेमलात तर तो जरूर मागा. पुण्यातली एजन्सी "अमेरिकेतलंही बघतो" म्हणाली तर इथे प्रत्यक्ष काम कोण करणार ते विचारा.

धागाकर्ता

खूप आभार. सीडीआरवाल्यांना नकार कळवला. मग घटस्फोटाचं कसं कळणार?

प्रतिसाद (तेच वकील)

मामा, त्याला गुप्तहेर कशाला? घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत मागा. दुसरं लग्न करणाऱ्याकडे ती असायलाच हवी, मागण्यात अपमान कसला! हुकूमनामा अमेरिकन कोर्टाचा असेल तर माझ्यासारख्या कोणाला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. लग्न हिंदू विवाह कायद्याखाली झालेलं असेल आणि तिथल्या कोर्टाने इथे मान्य नसलेल्या कारणावर, पत्नी हजर नसताना एकतर्फी घटस्फोट दिला असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निकालानुसार तो इथे टिकत नाही. मग पहिलं लग्न कायद्याने शाबूतच, आणि भाचीचं लग्न रद्दबातल.

एवढं करून नोकरी, राहणं, व्यसन याबद्दल शंका उरली तर एजन्सी नेमा. कामाची व्याप्ती लेखी, पैसे टप्प्याटप्प्याने, पावती जीएसटीची, आणि गोळा केलेले फोटो-माहिती तिसऱ्या कोणाला देणार नाही असं सहीनिशी. सही करायला कां-कूं करणारी एजन्सी सोडून द्या.