कर्द्याला दोन बंगले सांभाळतोय, पंधरा कसे करू?

परतलेला_दापोलीकर

नमस्कार मंडळी. पहिलाच धागा, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी दापोलीचा. सहा वर्षं पुण्यात नोकरी केली, गणपतीला घरी आलो तो परत गेलोच नाही. मामाचा कर्द्याला बंगला आहे आणि मामा असतो डोंबिवलीला. बंगला वर्षभर कुलूपबंद, म्हणून मी तो एअरबीएनबीवर टाकला. चाव्या, झाडलोट, पाहुण्यांचं जेवण सगळं मीच बघायचो. दिवाळीत भरला, ३१ डिसेंबरला भरला. ते बघून मामाच्या मित्राने त्याचा लाडघरचा बंगलाही माझ्याकडे दिला. दोन्हींवर मला २० टक्के मिळतात. मे महिन्यात हातात ४१ हजार आले. जूनमध्ये साडेचार हजार.

घरचे म्हणतात, हे असंच चालणार का? मला पुढच्या मेपर्यंत पंधरा बंगले करायचेत. साठ हजार बाजूला काढलेत, ते इन्स्टाग्रामच्या जाहिरातींवर घालावेत असं मनात आहे. एक मित्र म्हणतो, कमिशनवर कशाला राबतोस, पाच बंगले वर्षाच्या भाड्याने उचल आणि स्वतःचे म्हणून चालव. ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा, मालक मिळवायचे कुठून?

लाल_डब्बा

पंधरा नंतर बघू, आधी जूनच्या साडेचार हजारांचे साडेदहा कर. (पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

सुपारीवाली

अरेतुरे करते, राग मानू नकोस. माझा मुलगा तुझ्याच वयाचा आहे.

मी नागावची, अलिबागजवळचं. २०१२ ला एका बंगल्यापासून सुरुवात केली, आज १७ आहेत. सतरा ऐकून हुरळून जाऊ नकोस, मधली वर्षं मोज. वर्षाला सव्वा बंगला पडतो.

पहिला बंगला आमच्या वाडीला लागूनच. मालक दादरचे. दर शनिवारी फोन, "वहिनी, जरा मोटर चालू आहे का बघता?" दीड वर्ष मी फुकट मोटर बघितली. मग त्यांनाच लाज वाटली आणि म्हणाले, पाहुणे तुम्हीच ठेवा, दहा टक्के घ्या. (आता वीस घेते.) मी वहीच्या पानावर हिशेब लिहून त्याचा फोटो त्यांना पाठवायला लागले, महिन्याच्या पाच तारखेला. अजून पाठवते, फक्त आता सुनेने एक्सेलमध्ये करून दिलंय.

त्या पत्रकात काय असतं ते सांगते, कारण माझे सगळे मालक त्याच्यावरच आलेत. "रात्री ४, भाडं ४२,०००, माझे ८,४००. मोटरचा कपॅसिटर ३५०, बल्ब २ नग १८०, मागच्या न्हाणीघराचा नळ गळतोय, प्लंबर सोमवारी." खाली बिलांचे फोटो. एवढंच. पण ऑगस्टमध्ये भाडं शून्य असलं तरी पाच तारखेला पत्रक जातं. "भाडं ०. कपाटांची बुरशी पुसली. दोन दिवस ऊन पडलं तेव्हा गाद्या बाहेर काढल्या. इन्व्हर्टरची वायर उंदराने कुरतडली, फोटो बघा." मुंबईत बसलेल्या माणसाला पाऊस लागला की आपलं छप्पर दिसायला लागतं, आणि नेमका तेव्हाच सांभाळणाऱ्याचा फोन लागत नाही. दादरच्या काकांनी ऑगस्टचं पत्रक ब्रिजच्या क्लबात दाखवलं, तिथून दुसरा बंगला आला. दुसऱ्याच्या व्याह्यांचा तिसरा. बंगला द्या म्हणून आजवर मी कुणाला फोन केला नाही. एकदाच केला होता, ते पुढे सांगते.

भाड्याने उचलायचं म्हणतोस, तर २०२० आठव. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि ३ जूनला निसर्ग वादळ आलं. तुमच्या हर्णै-आंजर्ल्यानेही ते सोसलंय, तुला काय सांगायचं. इथे काही आठवडे वीज नव्हती. माझ्या स्वतःच्या वाडीतल्या शंभरावर पोफळी आडव्या झाल्या. सकाळी मागचं दार उघडलं तर जिथे कायम सावली असायची तिथे नुसता उजेड. जाऊ दे. सांगायचं ते हे की आमच्याकडे तिघांनी बंगले वर्षाच्या भाड्याने घेतले होते. पाहुणा एक नाही आणि मालकाला मात्र दर महिन्याला चाळीस-पन्नास हजार द्यायचे. त्यातले दोघं धंद्यातून उठले. माझी कमाई शून्य होती, पण देणंही शून्य होतं. चालत जाऊन एकेका बंगल्याची पडझड मोजली, फोटो काढले, रेंज मिळाली तिथून पाठवले. त्या वर्षीच्या पाच तारखेच्या पत्रकांवर मला पुढे चार बंगले मिळाले.

आता माझी चूक. २०१७ च्या दिवाळीआधी एका गृहस्थांच्या एकाच आवारात सहा बंगल्या तयार झाल्या. मीच फोन केला, मलाच द्या म्हणून. पाचावरून एकदम अकरा. चादरींचे माझ्याकडे पलंगामागे दोनच जोड होते आणि धोबी दिवाळीला गावी गेलेला. पाडव्याच्या रात्री मी, नवरा आणि जाऊ, तिघं ओल्या चादरी इस्त्रीने सुकवत बसलो होतो. खोलीभर वाफ आणि ओल्या कापडाचा वास. दुसऱ्या दिवशी बारा माणसांचं कुटुंब दुपारी एकला आलं, खोल्या पाचला मिळाल्या. आजोबा ओटीवर खुर्ची टाकून बसले होते, एक शब्द बोलले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या हंगामात माझे दोन जुने मालक गेले आणि ते चुकीचे नव्हते. तेव्हापासून वर्षाला दोनच्या वर घेत नाही, आणि घेते तेही जूनमध्ये. पावसाळ्यात घर कुठे गळतं, मोटर किती पाणी ओढते, शेजारी कसा आहे हे सगळं कळतं आणि दिवाळीपर्यंत हात बसतो.

तुझ्या साठ हजारांचं सांगायचं तर जाहिरात नको, चादरी घे. पलंगामागे तीन जोड: एक पलंगावर, एक कपाटात, एक धोब्याकडे. सगळ्या पांढऱ्या, एकाच मापाच्या. सोलापुरी पांघरायला ठेव, अंथरायला नको. फुलाफुलांच्या चादरीवर रश्शाचा डाग पडला की ती गेली, पांढरी ब्लीचमध्ये टाकता येते. हळदीच्या डागाला साबण लागला की लाल होतो, नवीन पोरी घाबरतात. धुऊन कडक उन्हात टाकली की उडतो. उरलेल्या पैशात दोन्हीकडे चांगला इन्व्हर्टर बघ, आणि फोटो ऑक्टोबरमध्ये काढ. आवार हिरवं असतं, आभाळ धुतलेलं असतं. मेमधल्या फोटोत सगळं आवार भाजलेलं दिसतं.

तारे मात्र जप. एअरबीएनबीवर सुपरहोस्टला, म्हणजे चांगल्या यजमानाच्या बिल्ल्याला, सरासरी ४.८ लागते. म्हणजे पाचातल्या चौघांनी पाच तारे दिले आणि एकाने चार, की तू नेमका काठावर. आपल्या लोकांना वाटतं चार म्हणजे चांगलेच दिले. शिवाय वर्षात किमान १० मुक्काम, ९० टक्के चौकशांना वेळेत उत्तर, आणि आपण होऊन रद्द केलेली बुकिंगं १ टक्क्याच्या आत. दर तीन महिन्यांनी हे तपासतात. पंधराच्या नादात एक बुकिंग दोघांना गेलं तर काय होईल ते तूच बघ.

ठाण्याचा_मालक

मी पलीकडच्या बाजूचा. मुरुडला घर आहे, तुमच्या दापोलीच्याच. तीन सांभाळणारे बदलून झाले. दुसऱ्याने धंदा चांगला दिला होता हे मान्य. पण स्लायडिंगची काच फुटली ते मला एका पाहुण्याच्या रिव्ह्यूमधून कळलं, दोन महिन्यांनी. विचारलं तर म्हणे, "साहेब, तुम्हाला कशाला टेन्शन!" काच चार हजारांची होती. मी काढलं ते त्या वाक्यासाठी. सुपारीवाली ताईंचं शून्याचं पत्रक वाचून हेवा वाटला त्या दादरच्या काकांचा.

आकडेमोड

कराचं कुणी बोललं नाही म्हणून थोडक्यात. खोलीचं किंवा बंगल्याचं रोजचं भाडं ७,५०० पर्यंत असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के, पण इनपुट क्रेडिट मिळत नाही, म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी वळता करून घेता येत नाही. ७,५०० च्या वर गेलं की १८. मालकाची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल आणि त्याने नोंदणी केलेली नसेल, तर पोर्टलवरून आलेल्या बुकिंगचा जीएसटी पोर्टलच भरतं.

तुझं कमिशन ही वेगळी सेवा, तिला तुझे स्वतःचे २० लाख लागू. गोची इथे होते: पाहुण्याचे सगळे पैसे तुझ्याच खात्यात येत असतील आणि मालकाशी कागद नसेल, तर ती सगळी रक्कम तुझी उलाढाल धरली जाऊ शकते. पंधरा बंगल्यांचे आले तर वीस लाख हंगामात ओलांडशील. म्हणून मालकाशी करार लिहून घे, तू एजंट आहेस आणि अमुक टक्के तुझे. शक्य असेल तर पोर्टलचे पैसे थेट मालकाच्या खात्यात पडू देत आणि तू दरमहा बिल लाव. मामा असला तरी. मामा असेल तर आधी.

परतलेला_दापोलीकर

सगळ्यांचे आभार. जाहिरातीचं रद्द. चादरी मोजल्या, पलंगामागे दीड जोड निघाला. दीड कसा ते विचारू नका.

सुपारीवाली ताई, तीन गोष्टी विचारायच्या होत्या. एक, आंजर्ल्याहून एकाने विचारलंय, स्विमिंग पूलवाला आहे, घेऊ का? दोन, पावसाळ्यात तुम्ही काय कमावता? तीन, दहा माणसांचं बुकिंग घेऊन पंधरा-अठरा येतात त्यांचं काय करता? मागच्या महिन्यात लाडघरला टेम्पो ट्रॅव्हलरच आला.

सुपारीवाली

आंजर्लं नको. माझे सतराच्या सतरा नागाव, आक्षी आणि चौलमध्ये आहेत. रात्री अकराला फोन आला तर स्कूटरवरून वीस मिनिटांत दारात असते. काशीदचा सोन्यासारखा बंगला नाकारला मी. तू कर्द्याला राहून खाडीपलीकडचा बंगला सांभाळणार म्हणजे खरं तर तिथला केअरटेकर सांभाळणार, आणि तो कसा आहे ते तुला माहीत नाही. त्यात पूल. पूल म्हणजे रोज पाण्याची तपासणी आणि डोक्याला कायमचा घोर. माझ्याकडे पूलवाले चार आहेत. चौघांकडे रात्री दहाला पूल बंद, आणि पोरंटोरं असतील तर एक माणूस नुसता काठावर बसून राहतो. त्याचा पगार मालकाकडून कबूल करून घेतला, मगच बंगला घेतला.

पावसाळ्यात आमचं तुमच्यापेक्षा बरं. गेटवे-मांडवा लाँचा बंद असतात, पण २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो आहे, माणसं गाडीसकट उतरतात. तुमच्याकडे घाट उतरून यायचं, म्हणून पाऊस तुला जास्त बसणार. मी ते चार महिने कमाईचे धरतच नाही. मेमध्ये आलेल्यातला मोठा हिस्सा बाजूला ठेवते आणि तोच जून ते सप्टेंबर पगाराला वापरते. तुझ्या ४१ हजारांतले किती उरलेत ते इथे सांगू नकोस, स्वतःलाच सांग.

टेम्पो ट्रॅव्हलरचं. केअरटेकरला एकच काम दिलंय, चावी देण्याआधी गाडीतून उतरलेली डोकी मोजायची आणि मला आकडा कळवायचा. बुकिंगच्या मेसेजमध्ये जादा माणसाचे पैसे आधीच लिहिलेले असतात, कमाल किती तेही. त्याच्यावर एकही घेत नाही, परत जा म्हणते. भांडण होतं, दोनदा एकेक तारा पडलाय. पण दहा माणसांच्या सेप्टिक टाकीवर अठरा जण दोन रात्री राहिले, तर रविवारी सकाळी मालकाच्या अंगणात काय वर येतं ते मी पाहिलंय आणि उपसणाऱ्या गाडीचं बिलही भरलंय. ओळखपत्रं सगळ्यांची घे, आधार मास्क केलेलं, म्हणजे पहिले आठ आकडे झाकलेलं, चालतं. परदेशी पाहुणा आला तर २४ तासांत ऑनलाइन नोंद करायची असते, ते विसरू नकोस.

परतलेला_दापोलीकर

शेवटचं. मामा म्हणतो यंदा ३१ डिसेंबरला त्याच्या ऑफिसची माणसं येणार, फुकट. मागच्या वर्षी त्या तीन रात्रींचे ५४ हजार आले होते. काय बोलू?

सुपारीवाली

मालकांच्या तारखा मी गणपतीपर्यंत लिहून घेते. वर्षाच्या बारा रात्री त्यांच्या, त्यातली ३१ डिसेंबर हवी असेल तर खुशाल घ्या, घर त्यांचंच आहे. फक्त नोव्हेंबरच्या पत्रकात खाली एक ओळ टाकते: "मागच्या वर्षी या तीन रात्री: ५४,०००." बाकी काही लिहीत नाही.

आणि पत्रक मामीलाही पाठव.