क्वेबेकने कॅनडातून वेगळं व्हावं का? माझं मत: हो

आडवाट:

क्वेबेक हा कॅनडाचा फ्रेंचभाषक प्रांत. तिथल्या स्वातंत्र्यवादी पार्टी क्वेबेक्वा या पक्षाला २०२२ च्या प्रांतिक निवडणुकीत जेमतेम ३ जागा मिळाल्या होत्या. त्याच पक्षाचे नेते पॉल सँ-पिएर प्लामोंदों यांनी नंतर २०३० च्या आत स्वातंत्र्यावर तिसरं सार्वमत घेण्याचं वचन देऊन टाकलं आणि पक्ष जनमत चाचण्यांमध्ये चक्क पुढे आला. असं काही घडलं की आपल्याकडची प्रतिक्रिया ठरलेली असते: 'कॅनडासारख्या सुखी देशात राहून यांना नेमकं खुपतंय काय?' म्हणून हा धागा.

आधी एक गोष्ट बाजूला ठेवतो. १७५९ साली ब्रिटिशांनी क्वेबेक शहर जिंकलं. १८३९ च्या अहवालात लॉर्ड डरहॅमने लिहून ठेवलं की या लोकांना ना इतिहास आहे ना साहित्य. १९६० पर्यंत मॉन्ट्रियलमध्ये मालक इंग्रजी बोलणारा आणि मजूर फ्रेंच बोलणारा, हा सर्रास प्रकार होता. हे सगळं खरं आहे, पण त्याच्या जोरावर आज वेगळा देश मागता येत नाही. तसा मागायचा म्हटला तर अर्ध्या जगाला मागावा लागेल.

माझा मुद्दा १९८२ चा आहे. १९८० च्या पहिल्या सार्वमतात क्वेबेकने जवळपास ६० विरुद्ध ४० असा कौल दिला, कॅनडातच राहायचं म्हणून. त्या प्रचारात पंतप्रधान पिएर ट्रूडो यांनी शब्द दिला होता की 'नाही' म्हणालात तर राज्यघटना बदलू. बदलली, पण कशी? नोव्हेंबर १९८१ मध्ये कॅनडाच्या राजधानीत, ओटावात, केंद्र आणि प्रांतांच्या वाटाघाटी चालू होत्या. क्वेबेकचे मुख्यमंत्री रने लेव्हेक रात्री नदीपलीकडे हल गावातल्या हॉटेलात झोपायला गेले. केंद्र आणि बाकीच्या प्रांतांच्या लोकांनी त्या रात्री आपसात मसुदा ठरवला आणि सकाळी लेव्हेकना तयार कागद दाखवला. १७ एप्रिल १९८२ ला राणी एलिझाबेथने सही केली, घटना लागू झाली. क्वेबेकच्या विधानसभेने तिला आजतागायत मान्यता दिलेली नाही. तिथे सरकार कोणत्याही पक्षाचं असो, स्वातंत्र्यवादी असो की कॅनडावादी.

मग क्वेबेकची संमती मिळवण्यासाठी घटनादुरुस्तीचे प्रयत्न झाले. १९८७ चा मीच लेक करार सगळ्या प्रांतांच्या मंजुरीअभावी १९९० मध्ये मुदत संपून मेला. १९९२ चा शार्लटटाउन करार देशभरच्या सार्वमतात पडला. तेव्हापासून घटनेचा विषय काढायची कोणत्याही पंतप्रधानाची छाती झालेली नाही. महत्त्वाच्या दुरुस्तीला किमान ७ प्रांत आणि निम्मी लोकसंख्या लागते, काही बाबतींत तर सगळ्यांचीच संमती. इकडे देशात घरी मुख्यतः फ्रेंच बोलणाऱ्यांचं प्रमाण घसरतंय: २०१६ ला २० टक्के, २०२१ ला १९.२. ज्याचं संख्याबळ दर जनगणनेला कमी होतंय, त्याने कधीच न उघडणाऱ्या दारासमोर किती दशकं उभं राहायचं?

जुलूम नसला तरी स्वतःचे नियम स्वतः ठरवायचा अधिकार हवा, एवढंच.

खोडरबर:

एवढंच म्हणे. पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

मेपलमावशी:

आडवाट, मांडणी छान आहे, पण १९८१ ची रात्र तुम्ही एकाच खिडकीतून दाखवलीत. ट्रूडो मॉन्ट्रियलचे. त्या रात्री तडजोड घडवणाऱ्यांतले जाँ क्रेत्येनही क्वेबेकचेच. १९८० च्या संसदीय निवडणुकीत क्वेबेकच्या ७५ पैकी ७४ जागा ट्रूडोंच्या पक्षाला होत्या. ही माणसं काय इंग्रजांनी पाठवली होती? तो फ्रेंच भाषकांचा आपसातलाच वाद होता.

मी मॉन्ट्रियलला राहते, दोन्ही मुलं इथल्या फ्रेंच शाळेत शिकली. हौसेने नव्हे, कायद्याने. १९७७ च्या कायदा १०१ मुळे बाहेरून येऊन स्थायिक झालेल्यांच्या मुलांना सरकारी अनुदानावरच्या शाळेत फ्रेंचच घ्यावी लागते. पूर्वी बहुतेक स्थलांतरित इंग्रजी शाळा धरायचे. आता पार्क एक्स्टेन्शनला चक्कर मारा, पंजाबी आणि बंगाली घरातली पोरं आपसात फ्रेंचमध्ये भांडताना दिसतील. हा बदल कॅनडात राहून झाला ना? क्वेबेकचा स्वतःचा आयकर आहे, स्वतःची निवृत्तिवेतन योजना आहे, तो पैसा गुंतवणारी स्वतःची संस्था १९६५ पासून आहे, दिवाणी कायदा फ्रेंच परंपरेचा आहे, आणि कामासाठी येणारे स्थलांतरित निवडायचा अधिकारसुद्धा आहे. मला तर वाटतं, यांनी स्वातंत्र्य न मिळवता त्यातलं पाऊण मिळवलंय. उरलेल्या पावासाठी घर का मोडायचं?

जुना कोथरूडकर:

मावशींशी सहमत. एक योगायोग बघा. १ मे १९६० ला आपलं राज्य झालं आणि २२ जून १९६० ला क्वेबेकमध्ये जाँ लसाज निवडून आले, ज्यांच्यापासून तिथली 'शांत क्रांती' मोजतात. शाळा आणि इस्पितळं चर्चच्या हातून सरकारकडे आली, खासगी वीज कंपन्या सरकारने विकत घेतल्या. आपलं राज्यावर भागलं. त्यांचं का भागू नये?

खोडरबर:

आपलं भागलं? मराठी शाळांचे पट बघून सांगताय का काका?

आडवाट:

@जुना कोथरूडकर, तुलना एका जागी अडते. भारतात एकही भाषा अशी नाही की तिचे लोक एका बाजूला आणि बाकी सगळी राज्यं दुसऱ्या भाषेची. आपण सगळेच कुठे ना कुठे अल्पसंख्य. कॅनडात न्यू ब्रन्सविक हा एक द्विभाषक प्रांत सोडला तर सामना ८ इंग्रजी प्रांत विरुद्ध १ फ्रेंच असा आहे. आणि त्या आठांतल्या काहींचा इतिहास काय सांगतो? मॅनिटोबाने १८९० मध्ये फ्रेंचचा अधिकृत दर्जा काढला. ऑन्टारिओने १९१२ मध्ये शाळांतल्या फ्रेंच शिक्षणावर बंधन घातलं. क्वेबेकबाहेरच्या फ्रेंच भाषकांचं काय झालं हे क्वेबेकचा माणूस विसरत नाही.

@मेपलमावशी, कायदा १०१ चं नाव काढलंत ते बरं झालं. तो आहे तसा टिकला कुठे? १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदे फक्त फ्रेंचमध्ये करण्याचं कलम रद्द केलं, १९८४ मध्ये इंग्रजी शाळांतल्या प्रवेशाच्या अटी सैल केल्या, १९८८ मध्ये फक्त फ्रेंच पाट्यांचा नियम पाडला. १९८४ चा निकाल तर थेट त्याच १९८२ च्या घटनेवर उभा होता, जी क्वेबेकने मान्य केलेली नाही. त्या न्यायालयाचे सगळे न्यायाधीश केंद्र नेमतं. तुम्ही म्हणता ते पाऊण स्वातंत्र्य दुसऱ्याच्या तिजोरीत आहे.

मेपलमावशी:

आणि मी म्हणते, बरं झालं न्यायालय होतं! २०१९ च्या कायदा २१ ने सरकारी शाळेत नव्याने लागणाऱ्या शिक्षिकेला हिजाब घालून शिकवता येत नाही, शिक्षकाला पगडी बांधून नाही. घटनेतलं हक्कांना बगल देणारं कलम वापरून हा कायदा केला. स्वतंत्र देशात उद्या बगल द्यायलाही काही उरणार नाही, सरळ नियमच होईल. बहुसंख्य झालेला अल्पसंख्य आपल्यातल्या अल्पसंख्यांशी कसा वागतो, ते बघायला देश व्हायची वाट बघावी लागली नाही.

१९९५ च्या दुसऱ्या सार्वमतात 'हो' थोडक्यात हरलं. त्या निकालाच्या रात्री मुख्यमंत्री जाक पारिझो व्यासपीठावरून काय बोलले ते आठवा: आपण हरलो ते पैसा आणि एथ्निक (म्हणजे बिगरफ्रेंच समाजांच्या) मतांमुळे. दुसऱ्या दिवशी राजीनाम्याची घोषणा केली हे खरं. पण आमच्यासारख्यांच्या घरात ते वाक्य अजून ऐकू येतं.

तळ्यातमळ्यात:

मी कुठल्याच बाजूचा नाही, पण १९९५ चा विषय निघालाच आहे तर आकडे समोर असू द्या, त्याशिवाय ती जखम कळत नाही. ३० ऑक्टोबर १९९५. मतदान ९३.५ टक्के. 'नाही' ५०.५८, 'हो' ४९.४२. फरक ५४,२८८ मतांचा, आणि बाद ठरलेल्या मतपत्रिका ८६ हजारांवर! फ्रेंच भाषकांपैकी अंदाजे ६० टक्के 'हो' म्हणाले होते. सुरुवातीला 'हो' बरंच मागे होतं. मग स्वातंत्र्यवादी नेते ल्युसिएन बुशार प्रचाराच्या आघाडीवर आले. आदल्या वर्षी जिवाणूसंसर्गात त्यांचा पाय कापावा लागला होता, काठी टेकत सभेत यायचे आणि लोक अक्षरशः रडायचे. वारं फिरलं. घाबरलेल्या कॅनडाने मतदानाच्या तीन दिवस आधी मॉन्ट्रियलला प्रचंड सभा भरवली, बाहेरच्या प्रांतांतून लोक यावेत म्हणून विमान कंपन्यांनी तिकिटं स्वस्त केली.

पण प्रश्न काय विचारला होता तेही बघा. 'क्वेबेक स्वतंत्र देश व्हावा का?' असा सरळ नव्हता. कॅनडापुढे नव्या आर्थिक आणि राजकीय भागीदारीचा प्रस्ताव ठेवून, अमुक विधेयक आणि १२ जूनच्या करारानुसार सार्वभौम व्हावं याला तुम्ही सहमत आहात का, असा लांबलचक. माझ्या मते यात थोडी लबाडी होती. ज्यांना तुटायचं नव्हतं त्यांनाही 'हो' म्हणता यावं अशी सोय.

आडवाट:

प्रश्न साधा हवा होता, मान्य. पण वेगळं होण्याच्या सार्वमतांसाठी केलेल्या २००० च्या स्पष्टता कायद्याने केंद्राने काय केलं? 'स्पष्ट बहुमत' लागेल म्हणाले आणि आकडा लिहिलाच नाही. निकाल लागल्यावर संसद ठरवणार! न्यूफाउंडलंड १९४८ च्या दुसऱ्या सार्वमतात साधारण ५२ टक्क्यांवर कॅनडात आलं, तेव्हा कोणी स्पष्टता विचारली नाही. आत यायला ५२ चालतात, बाहेर जायला किती ते गुलदस्त्यात.

हिशेबनीस:

भावनांचा बाजार झाला असेल तर पैशाचं बोलू का? समीकरण अनुदान (कमी उत्पन्नाच्या प्रांतांना केंद्र देतं ती मदत) म्हणून केंद्राकडून क्वेबेकला वर्षाला १३ अब्ज डॉलरच्या आसपास मिळतात. सगळ्या प्रांतांत सर्वांत मोठी रक्कम यांचीच. ती बंद. राष्ट्रीय कर्जाचा वाटा डोक्यावर. चलन कॅनेडियन डॉलरच ठेवणार असाल तर व्याजदर ओटावाच ठरवणार, आणि तिथे आज निदान खासदार तरी आहेत, उद्या तेही नाहीत. १९७७ चा कायदा झाल्यावर सन लाइफ या विमा कंपनीने १९७८ मध्ये मुख्यालय टोरोंटोला हलवायचं ठरवलं. मॉन्ट्रियल तोवर देशाची आर्थिक राजधानी म्हणून आधीच मागे पडत होतं, मग तर उतरणीलाच लागलं.

आडवाट:

अनुदान तुम्ही मोजलंत, पण त्या तिजोरीत क्वेबेकचा करदाता भरतो ते वजा केलं नाहीत. तरीही शेवटी क्वेबेकला थोडं जास्तच मिळतं, हे मी नाकारत नाही. सुरुवातीची काही वर्षं जड जातील. पण ९० लाख लोकांचा देश, कॅनडाच्या अर्थव्यवस्थेचा जवळपास पाचवा हिस्सा, आणि जलविद्युत इतकी की अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडला विकतात. यापेक्षा कमी भांडवलावर उभे राहिलेले देश युरोपात ढीगभर आहेत.

हिशेबनीस:

वीज म्हणालात, हे लक्षात ठेवतो.

मेपलमावशी:

मीच लेक करार 'मुदत संपून मेला' असं तुम्ही वर लिहिलंत. कोणी मारला? न्यूफाउंडलंडने घोळ घातला हे आहेच, पण मॅनिटोबाच्या विधानसभेत हातात गरुडाचं पीस घेऊन एलायजा हार्पर बसले होते आणि पुन्हा पुन्हा 'नाही' म्हणत होते. मूळनिवासी आमदार. त्यांचं म्हणणं एवढंच की देशाचे संस्थापक म्हणून इंग्रज आणि फ्रेंच दोघांचीच नावं घेताय, आम्हाला कोणी विचारलं?

आता क्वेबेकच्या आत या. सार्वमताच्या आठवडाभर आधी, २४ ऑक्टोबर १९९५ ला, उत्तरेतल्या मूळनिवासी क्री लोकांनी स्वतःचं सार्वमत घेतलं. ९६ टक्के म्हणाले, आमच्या संमतीशिवाय आम्हाला आणि आमच्या भूमीला कॅनडातून काढू नका. तिथल्याच इनुइट या मूळनिवासी लोकांचा कौलही तसाच. उत्तरेचा तो प्रचंड मुलूख क्वेबेकला १८९८ आणि १९१२ मध्ये केंद्राच्या कायद्यांनी जोडून मिळालाय, फ्रेंच राजाचा वारसा म्हणून नाही. तुमचं पन्नास टक्के अधिक एक मताचं बहुमत मॉन्ट्रियलला लागू होतं आणि क्रींचं ९६ कोणालाच लागू होत नाही, हे कसं?

तळ्यातमळ्यात:

+१. याचं उत्तर मलाही ऐकायचंय.

आडवाट:

प्रश्न योग्य आहे. स्वातंत्र्यवाद्यांचं नेहमीचं उत्तर 'क्वेबेकच्या सीमा अभंग' असं असतं, मला ते पटत नाही. १९७१ मध्ये मुख्यमंत्री रोबेर बुरासांनी जेम्स बे जलविद्युत प्रकल्प जाहीर केला तेव्हा क्रींना विचारलंही नव्हतं. ते न्यायालयात गेले, तेव्हा कुठे १९७५ चा करार झाला. पण दुसरी बाजूही आहे. २००२ मध्ये क्रींशी दोन राष्ट्रांमध्ये व्हावा तसा करार केला तो बेर्नार लांद्री यांनी, म्हणजे पार्टी क्वेबेक्वाच्याच सरकारने. ओटावाची नोंद याहून उजळ आहे असं कोणी म्हणू नये.

तेव्हा माझं मत सरळ आहे. क्री आणि इनुइट यांचं वेगळं मतदान घ्यावं, आणि ते बंधनकारक असावं. त्यांना कॅनडात राहायचं असेल तर उत्तर कॅनडात राहील. फ्रेंच बोलणारी वस्ती मुख्यतः सेंट लॉरेन्स नदीच्या दोन्ही काठांना आहे. देश तिथेही होऊ शकतो.

जुना कोथरूडकर:

हे उत्तर क्वेबेकच्या कुठल्याही व्यासपीठावर दिलंत तर चपलांचा हार पडेल.

आडवाट:

पडू दे.

हिशेबनीस:

आता मघाची वीज काढतो. ला ग्रांद नदीवरची धरणं जेम्स बेच्या मुलखात आहेत, म्हणजे क्रींच्या. हायड्रो-क्वेबेक या सरकारी वीज कंपनीच्या क्षमतेचा जवळपास निम्मा भाग तिथे आहे. उत्तर सोडलंत की ते गेलं. मग न्यू इंग्लंडला काय विकणार, मेपलचा पाक?

आडवाट:

त्यांच्याकडून विकत घेऊ. न्यूफाउंडलंड प्रांतातल्या लॅब्रडॉरच्या चर्चिल फॉल्सची वीज आजही विकतच घेतात ना.

हिशेबनीस:

घेतात, १९६९ च्या करारातल्या मातीमोल दराने. आणि न्यूफाउंडलंड त्याच्या नावाने इतकी दशकं बोटं मोडतंय की २०२४ च्या डिसेंबरात नव्या दराच्या समझोत्यावर सही करावी लागली. क्रींनी हा सगळा तमाशा शेजारी बसून पाहिलाय. ते दर कोणते लावतील, तुम्हीच सांगा.