बाळाच्या गोधडीत आत काय घालावं?

आजीच्या नऊवारीची गोधडी भाचीच्या बाळाला द्यायची आहे, तर आत पॉलिस्टरचा थर घालू का, असं तुम्ही विचारलंय. बाळासाठी नकोच. जुनी सुती लुगडी किंवा धोतरंच तीन-चार पदरी घाला, घाम टिपतात. धावदोरा कडेकडून मध्याकडे घालत या, टाके लहान ठेवा. नाहीतर बाळाची बोटं अडकतात.

कापण्याआधी साडी उजेडासमोर धरून बघा. मी ऑर्डर घेताना हे नेहमी करते. एका ताईंच्या आईची साडी घड्यांवर विरली होती. तिच्याखाली मऊ मलमल लावून सगळं एकत्र शिवलं, तेव्हा ती टिकली. आणि काठ मात्र वाया घालवू नका, तेच कडेला लावा. आजीची ओळख तिथेच असते हो!